अ‍ॅस्टेरिक्स ऑलिंपिकला जातो आणि आमची फाटलेली शेवटची पानं

चिंचेचं_बुटुक:

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय, विषय जरा बालिश आहे पण चालवून घ्या.

लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एक लायब्ररी होती, एका वेळी एकच पुस्तक मिळायचं आणि त्या एका पुस्तकावरून माझी नि दादाची रोज मारामारी. तिथे अ‍ॅस्टेरिक्सची पाच-सहा पुस्तकं होती, इंग्लिश (मूळ फ्रेंच कॉमिक्स, रोमनांना पुरून उरणाऱ्या एका छोट्या गावाची). आमचं इंग्लिश तेव्हा यथातथाच, त्यामुळे निम्मी गोष्ट चित्रांवरून आणि उरलेली दादाच्या थापांवरून कळायची. त्यात ते ऑलिंपिकवालं पुस्तक सगळ्यात लाडकं, कव्हर सुटलेलं, खाकी कागद लावलेला, आणि शेवटची दोन-तीन पानं गायब! रोमन लोक रात्री चोरून खोपटात शिरतात, तिथल्या कढईतला अचाट ताकद देणारा जादूचा काढा पितात, दुसऱ्या दिवशी शर्यत होते, सगळेच्या सगळे रोमन एकदम पहिले येतात आणि बिचारा अ‍ॅस्टेरिक्स मागे. बास. पुढे नुसता वाळलेला डिंक. लायब्ररीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "शेवट तुम्हीच करा की, डोकं चालवा."

मग आम्ही केला. दादाच्या शेवटात हीरोचा धिप्पाड दोस्त ओबेलिक्स चिडून अख्खं स्टेडियम उचलतो. माझ्या शेवटात रोमन लोकांना काढ्याने जुलाब होतात.

गेल्या महिन्यात लेकीसाठी (वय ८) तेच पुस्तक मागवलं आणि रात्री तिला वाचून दाखवताना त्या पानापाशी आले तर माझाच हात थांबला, खरंच सांगते. तीसेक वर्षांनी शेवट कळला. तर अ‍ॅस्टेरिक्स म्हणतो की या लोकांनी काढा प्यायलाय, रोमन कानावर हात ठेवतात, मग जिभा बाहेर काढायला लावतात आणि सगळ्यांच्या जिभा निळ्याशार! काढा करणाऱ्या गावच्या पुरोहिताने, गेटाफिक्सने, काढ्यात रंग घातलेला असतो. मी इतकी हसले की नवरा उठून बघायला आला. कारण त्याच सुट्टीत दादाला खोकला असताना त्याने नाक्यावर चोरून काला खट्टा गोळा खाल्ला होता आणि आईने दारातच त्याला उभं करून फक्त एवढंच म्हटलं होतं, "जीभ काढ." मी लिंबाचा खाल्लेला म्हणून वाचले. दादा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, का ते काही कळलं नाही.

म्हणजे शेवट आमच्या घरातच घडला होता आणि आम्ही जुलाबांवर अडून बसलो होतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गॉलमधल्या (म्हणजे आजचा फ्रान्स) त्या गावाशेजारच्या रोमन छावणीतला एक धिप्पाड शिपाई, ग्लुटियस मॅक्सिमस, ऑलिंपिकसाठी निवडला जातो. सराव करताना जंगलात अ‍ॅस्टेरिक्स-ओबेलिक्स भेटतात, ते सहज त्याच्या पुढे निघून जातात आणि गडी इतका खचतो की छावणीत झाडू मारत बसतो. मग गावाला वाटतं आपणही जाऊ. ऑलिंपिकमध्ये फक्त ग्रीक आणि रोमन चालतात, तर हे म्हणतात, सीझरने आम्हाला जिंकलंय ना, मग आम्ही रोमनच! (माझं सगळ्यात आवडतं लॉजिक, सोयीपुरती गुलामी.) तिथे पोचल्यावर कळतं की जादूच्या काढ्याला बंदी. ओबेलिक्स तर लहानपणीच कढईत पडलेला, तो आयुष्यभरासाठी बाद.

तर प्रश्न दोन. एक, यातलं खरं किती? काढ्याला बंदी वगैरे त्या काळात होतं का? आणि दोन, हे मराठीत करायचं तर नावांचं काय करायचं?

*

मोडका_कंस:

अर्रर्र शेवट सांगितलात की! माझं वाचायचं राहिलं होतं १९९४ पासून 😀

*

उंटावरचा_शहाणा:

छान धागा. आता खडा टाकतो, राग मानू नका.

अ‍ॅस्टेरिक्सच्या सगळ्या गोष्टी इसवी सनपूर्व ५० मध्ये घडतात. ऑलिंपिकची गणती इसपू ७७६ पासून, दर चार वर्षांनी. ७७६ वजा ५० म्हणजे ७२६, त्याला चारने भाग जात नाही. म्हणजे त्या वर्षी ऑलिंपिक नव्हतंच. ५२ मध्ये होतं, ४८ मध्ये होतं. आख्खं गाव होडीतून गेलं असतं तर तिथे शेळ्या चरताना दिसल्या असत्या.

बाकी रोमन लोक तिथे खेळायला लागले होते हे बरोबर. पण त्यांची दादागिरी पुस्तकात दाखवलीय त्याहून भारी होती. इसपू ८० मध्ये रोमचा हुकूमशहा सुल्ला याने आपल्या विजयाच्या उत्सवासाठी सगळे खेळाडू रोमलाच बोलावून घेतले, तिकडे ऑलिंपियात, म्हणजे खेळांच्या मूळ जागी, त्या वर्षी फक्त पोरांची एक धावण्याची शर्यत झाली. म्हणजे आपल्या गोष्टीच्या तीसच वर्षं आधी. गावची जत्रा आमदाराच्या वाढदिवसाला त्याच्या फार्महाऊसवर भरवावी तसं.

*

मोडका_कंस:

@उंटावरचा, अहो जादूचा काढा चालतो तुम्हाला आणि चारने भाग जात नाही म्हणून झोप येत नाही?

*

उंटावरचा_शहाणा:

काढा लेखकाने सांगितलाय. भागाकार आपण शाळेत शिकलोय.

*

हाडवैद्य:

ग्लुटियस मॅक्सिमस वाचून फर्स्ट इयरचं अ‍ॅनाटॉमी आठवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा ढुंगणाचा सगळ्यात मोठा स्नायू. आत्ता तुम्ही ज्यावर बसून हा धागा वाचताय तोच. हे नाव इंग्लिश भाषांतर करणाऱ्यांचं, अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज, फ्रेंचमध्ये त्या गड्याचं नाव वेगळं आहे. इंग्लिश आवृत्ती १९७२ ची, म्युनिक ऑलिंपिकचं वर्ष, आणि मूळ फ्रेंच १९६८ चं, मेक्सिकोचं वर्ष. मूळ लेखक गॉसिनी आणि चित्रकार उदेर्झो टायमिंगमध्ये पक्के.

आता काढ्याबद्दल. प्राचीन ग्रीसमध्ये डोपिंगवर आजच्यासारखी बंदी नव्हती, खा काय खायचं ते. तो विनोद २००० वर्षांपूर्वीचा नाहीच, तो १९६८ चा आहे. आदल्या वर्षी, १९६७ च्या जुलैत, टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मेला, अँफेटामाइन (उत्तेजक औषध) सापडलं होतं. फ्रान्समध्ये घराघरात ही चर्चा. आणि ऑलिंपिकमध्ये ड्रग टेस्टिंग पहिल्यांदा सुरू झालं तेच १९६८ ला. म्हणजे फ्रेंच वाचकाने कढई आणि 'काढ्याला बंदी' वाचलं की त्याच्या डोळ्यासमोर त्या आठवड्याचा पेपरच.

आणि मग खरी गंमत. मेक्सिकोत टेस्टमध्ये पहिला कोण सापडला? हान्स-गुन्नर लिल्येनवाल, स्वीडनचा मॉडर्न पेंटॅथलॉनपटू (पाच खेळांची स्पर्धा, त्यात नेमबाजीही). कशात? बीअर! पिस्तुलाचा नेम धरताना हात थरथरू नये म्हणून दोन बीअर प्यायलो म्हणाला. अख्ख्या टीमचं ब्राँझ गेलं. निळी जीभ परवडली.

*

चिंचेचं_बुटुक:

डॉक्टर, हे भारी आहे! म्हणजे मी लेकीला "बघ हं जुन्या काळी पण चीटिंग चालत नसे" असं जे सांगितलं ते सपशेल खोटं. आता काय सांगू तिला?

*

भटकभवानी:

चीटिंगला शिक्षा होती की! फक्त औषधाला नाही, पैशाला होती.

आम्ही ग्रीसच्या टूरला गेलो होतो, ऑलिंपियाला दोन तास दिलेले, त्यातला एक टॉयलेटच्या लाईनमध्ये. पण स्टेडियममध्ये शिरायच्या वाटेवर डाव्या हाताला दगडी चौथऱ्यांची एक रांगच आहे, वर काही नाही, नुसते चौथरे. गाईडने सांगितलं की इथे झ्यूसच्या ब्राँझच्या मूर्ती उभ्या होत्या आणि त्या सगळ्या चोरांच्या पैशातून! म्हणजे ज्याने लाच दिली किंवा घेतली त्याला दंड, दंडातून देवाची मूर्ती, आणि खाली कुणी काय केलं ते लिहायचं. सोळा होत्या. पहिला मानकरी थेसलीचा युपोलस, इसपू ३८८, बॉक्सर, याने तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. नंतर ३३२ मध्ये अथेन्सच्या कॅलिपसने पेंटॅथलॉनमध्ये हेच केलं तर अथेन्सने दंड भरायला नकार दिला, वकील पाठवला, मग भविष्य सांगणाऱ्या डेल्फीच्या देवळाने सांगितलं की दंड भरेपर्यंत अथेन्सच्या कुठल्याच प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. मग निमूट भरला.

विचार करा, शर्यतीला आत जाताना प्रत्येक खेळाडूला त्याच वाटेने जायचं. आपल्याकडे हे केलं तर मूर्तींसाठी वेगळी जागा संपादित करावी लागेल.

स्टार्टिंग लाईन अजून आहे, संगमरवरी पट्टी, तिच्यावर पायाची बोटं रुतवायला दोन खाचा. ट्रॅक साधारण १९२ मीटर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, त्यालाच स्टेडियन म्हणायचे, स्टेडियम शब्द त्यातूनच. प्रत्येक टूरिस्ट तिथे पळतो. आमच्या ह्यांनीही शर्ट खोचून पळून बघितलं, साठ मीटरवर पोटरी धरून बसले, पुढचा सगळा ग्रीस त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिला.

*

पेरूची_फोड:

माशांचं सांगितलं नाही का गाईडने? तिथे झ्यूसचं एक रूप 'माशा हाकलणारा झ्यूस' म्हणून होतं, त्याला खास यज्ञ करायचे. भर उन्हाळा, शंभर बैलांचा बळी, चाळीस हजार माणूस आणि प्यायला धड पाणी नाही. पाण्याची नीट सोय हेरोदेस अ‍ॅटिकस नावाच्या श्रीमंत माणसाने केली तीसुद्धा इसवी सन १५० च्या सुमाराला, म्हणजे खेळ सुरू होऊन नऊशेवर वर्षांनी!

एक जुना किस्सा आहे, किऑस बेटावरचा एक माणूस गुलामावर चिडला तर "तुला जात्याला जुंपणार नाही, ऑलिंपियाला घेऊन जाईन" अशी धमकी देतो. जातं ओढण्यापेक्षा उन्हात बसून मॅच बघणं वाईट. मी एकदा स्टँडमध्ये भर मे महिन्यात दुपारची क्रिकेट मॅच पाहिलीय, मला पटलं.

*

लाल_माती:

धागा आत्ता बघितला. तालमीतला माणूस आहे मी (होतो, आता पोट बोलतंय) त्यामुळं चार ओळी.

ते ग्रीक लोक अंगाला तेल लावून, वर माती भुरभुरून कुस्ती खेळायचे आणि खेळून झालं की धातूच्या वाकड्या पट्टीनं अंग खरवडायचे. स्ट्रिजिल म्हणतात तिला. आपल्याकडं आखाड्यात तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळतात, पावसाळ्यात नवी माती घातली की आठवडाभर नुसता तोच वास तालमीत. जोर झाले की पोरं एकमेकाच्या पाठीवरनं हातानं माती निपटून काढतात, ती परत हौद्यातच टाकायची, बाहेर न्यायची नाही, वस्ताद बघत असायचा. ग्रीक मात्र असलं खरवडलेलं तेल-घाम-माती बाटलीत भरून औषध म्हणून विकायचे! दुखऱ्या सांध्याला लावायला. आमच्या वस्तादाला हे आधी कळलं असतं तर तालमीवर स्लॅब पडला असता.

आणि खुराक. पुस्तकात ग्रीक खेळाडू बिचारे पथ्यावर असतात आणि रोमन ताव मारत बसतात असं दाखवलंय म्हणे. पण मायलो ऑफ क्रोटोनचं ऐका. सहा ऑलिंपिक जिंकलेला पैलवान (एक पोरांच्या गटात, पाच मोठ्यांच्या), इसपू सहाव्या शतकातला. दिवसाला नऊ किलो मटण, तेवढीच भाकरी आणि दहा लिटर वाइन, अशा कथा लिहून ठेवल्यात. वासरू रोज खांद्यावर घेऊन फिरायचा, वासराचा बैल झाला तरी उचलायचाच म्हणे. आमच्या गावात अगदी हीच गोष्ट एका पैलवानाची म्हणून सांगतात, फक्त वासराच्या जागी रेडकू. मेला कसा? जंगलात फटीत पाचरी मारलेलं झाड दिसलं, हातानं फाडायला गेला, पाचरी निसटल्या, हात अडकले, रात्री लांडगे आले. ताकद असली तरी शहाणपण वस्तादाकडनंच यावं लागतं.

फाऊल स्टार्टला तर तिथं सरळ फटके. चाबकानं. ऑलिंपिकच्या पंचांमागं काठीवाले उभेच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं सांगितलेला किस्सा आहे, इराणी आरमाराशी लढायच्या आधी सभेत अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस घाईनं बोलायला लागला तर करिंथचा सेनापती म्हणाला, शर्यतीत आधी सुटणाऱ्याला फटके बसतात. हा म्हणाला, आणि मागं राहणाऱ्याला मुकुट मिळत नाही. काय उत्तर आहे राव.

अजून एक, इसपू ४१२ मध्ये अक्रागासचा एक्झायनेटस धावण्यात जिंकून गावी आला तर त्याच्या स्वागताला पांढऱ्या घोड्यांच्या तीनशे जोड्या. आणि आमचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन कराडला उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या. मला विचाराल तर बैलगाड्या जास्त शोभतात. घर गहाण ठेवून पैसे देणारे राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर त्या ग्रीकाला कुठं होते.

*

हाडवैद्य:

लाल_माती, ते खरवडलेलं औषध माझ्या ओपीडीत कुणी मागितलं तर तुमच्याकडे पाठवतो.

*

ठाणेकर_मावशी:

सगळं वाचलं, पण एक बाई म्हणून विचारते, त्या पुस्तकात आख्खं गाव ऑलिंपिकला जातं म्हणजे फक्त पुरुष जातात ना? बायका धक्क्यावर रुमाल हलवत. खऱ्या ऑलिंपिकमध्येही लग्न झालेल्या बायकांना बंदीच होती, फक्त डिमिटर देवीची पुजारीण बसायची. सापडली तर टायपेऑन नावाच्या कड्यावरून ढकलायचं असा नियम.

तरी एक गेलीच. कॅलिपटायरा (काही ठिकाणी फेरेनिके नाव येतं). नवरा वारलेला, मुलगा बॉक्सर, त्याला शिकवणारं कुणी नाही, तर ही ट्रेनरचे कपडे घालून मैदानात. मुलगा जिंकला आणि हिने आनंदाने कुंपणावरून उडी मारली, झगा अडकला, झालं! पण तिचा बाप डायगोरस, भाऊ, मुलगा, सगळे ऑलिंपिक विजेते, म्हणून सोडून दिलं. आणि मग नवा नियम काय तर यापुढे ट्रेनरनेसुद्धा नागडंच यायचं! (खेळाडू तर होतेच तसे.) एका बाईला अडवायला सगळ्या पुरुषांचे कपडे उतरवले.

आणि स्पार्टाची राजकन्या किनिस्का हुशार निघाली. रथाच्या शर्यतीत मुकुट सारथ्याला नाही, घोड्यांच्या मालकाला मिळतो. हिने घोडे पाळले, पाठवले, इसपू ३९६ आणि ३९२ ला जिंकली. घरबसल्या!

*

मोडका_कंस:

मावशी जबरदस्त. पण मग पुस्तकात सगळे अंगरखे घालून पळतात ते चूक ना? आणि शेवटी अ‍ॅस्टेरिक्सला ताडाची फांदी देतात, ऑलिव्हचा मुकुट पाहिजे. बघा मीपण खडा टाकला.

*

उंटावरचा_शहाणा:

अंगरखे मुलांच्या पुस्तकासाठी, ते सोडा. फांदीचं मात्र त्यांचंच बरोबर आहे. शर्यत संपल्या संपल्या पंच विजेत्याच्या हातात पामची फांदी द्यायचे, अंगाला लाल फिती बांधायचे, रानऑलिव्हचा मुकुट नंतर, समारंभात. तुमचा खडा तुम्हालाच लागला.

आणि ही भानगड पुस्तकात का नाही ते मला कोडंच आहे, कारण याहून मोठा विनोद कुणाला सुचणार नाही. रोमन सम्राट नीरोने इसवी सन ६५ चं ऑलिंपिक स्वतःच्या सोयीसाठी ६७ पर्यंत पुढे ढकललं. गाण्याची स्पर्धा घालायला लावली, कारण साहेब गातात. मग दहा घोड्यांचा रथ घेऊन उतरला, पडला, लोकांनी उचलून परत बसवला, शर्यत पूर्ण करताच आली नाही, तरी पहिला नंबर! पंचांना अडीच लाख ड्रॅक्मा दिलेले. नीरो मेल्यावर पुढचा सम्राट गाल्बाने ते पैसे पंचांकडून परत मागितले. कॉमिक्सवाल्यांनी हे काढलं असतं तर संपादक म्हणाला असता, जरा अति होतंय.

(हो, नीरो शंभरेक वर्षांनंतरचा, माहितीये. मी स्वतःच स्वतःला उत्तर देतोय म्हणजे दुसरं कुणी द्यायला नको.)

थासोसच्या थिआजेनीसचं पण सांगतो आणि थांबतो. मोठा बॉक्सर, मेल्यावर गावात पुतळा. त्याचा एक वैरी रोज रात्री येऊन पुतळ्याला चाबकाने मारायचा. एके रात्री पुतळा त्याच्यावर पडला, माणूस ठार. मुलांनी पुतळ्यावर खुनाचा खटला भरला! पुतळा दोषी, शिक्षा हद्दपारी, समुद्रात बुडवला. मग दुष्काळ. डेल्फीला विचारलं तर म्हणाले, हद्दपार केलेल्यांना परत बोलवा. सगळ्यांना बोलावलं तरी पाऊस नाही, मग लक्षात आलं की एकजण राहिलाय. शेवटी कोळ्यांच्या जाळ्यात आला आणि परत उभा केला, पूजा सुरू.

*

पेरूची_फोड:

पुतळ्याला हद्दपारी 😂 यावर बोलायचं नाही, धागा बंद पडेल.

चिंचे, तुझा पहिला प्रश्न खरं किती. मला वाटतं जे पुस्तकात खोटं वाटतं ते १९६८ चं खरं आहे, आणि जे खरोखर ग्रीसमध्ये झालं ते पुस्तकात घालायची त्यांची हिंमत झाली नसती. आणि खेळाडूंची टिंगल ही काही फ्रेंच लोकांची मक्तेदारी नाही. जुन्या ग्रीक चुटक्यांच्या कविता आहेत, ल्युकिलिअस आणि निकार्कस या दोघांच्या, पहिल्या शतकातल्या. एकीत मार्कस नावाचा धावपटू चिलखत घालून पळतोय, इतका हळू की मध्यरात्री रखवालदाराला वाटलं दगडी पुतळा आहे, त्याने कुलूप लावलं, पुढच्या वर्षी उघडलं तर अजून एक फेरी बाकी. दुसरीत कार्मस नावाचा धावपटू, शर्यतीत सहा जण, हा सातवा आला. कसा? तर मित्र झगा घालून शेजारून "शाब्बास कार्मस" करत पळत होता तो पुढे गेला. अजून पाच मित्र असते तर बारावा आला असता म्हणे.

आमच्या ऑफिसच्या मॅरेथॉनमध्ये माझं हेच झालं, माझ्या पुढे पाण्याची बाटली देणारा मुलगा पोचला. (आणि मॅरेथॉन प्राचीन ऑलिंपिकमध्ये नव्हतीच बरं का, ती १८९६ ची.)

*

मोडका_कंस:

आता नावांचं बघू या का? मी बसमध्ये बसून विचार केला आणि मला साक्षात्कार झालाय. रोमन नावांच्या शेवटी अस, ग्रीक नावांच्या शेवटी ओस. मराठीत आयतं पडलंय! ग्रीक सगळे 'पळतोस', 'कुठेजातोस', 'उगाचभांडतोस'. थाळीफेकवाला 'फेकतोस'.

*

भटकभवानी:

आणि रोमन 'पडलास', 'हरलास', 'परतआलास'!! वाह! ग्रीक कायम वर्तमानकाळात, रोमन कायम भूतकाळात. रोमन साम्राज्याचा इतिहासच आला की यात.

*

हाडवैद्य:

ग्लुटियस मॅक्सिमस = 'बसलास'. वैद्यकीयदृष्ट्या अचूक. ऑलिंपिकच्या निकालाच्या दृष्टीनेही.

*

लाल_माती:

त्याच्यावर ओरडणारा सेंच्युरियन (रोमन तुकडीचा नायक) 'झोपलास'.

*

ठाणेकर_मावशी:

गॉल लोक राहिले. गेटाफिक्स 'काढामिक्स', ओबेलिक्स दगड वाहतो म्हणून 'वरवंटिक्स', कुत्रा 'भुंकिक्स'. आणि तो म्हातारा जेरिआट्रिक्स, जो तिथे जाऊन पार्ट्या करतो, तो 'साठीबुद्धिक्स'.

*

उंटावरचा_शहाणा:

मंडळी, 'काढामिक्स' मध्ये काढा आहे पण पुरोहित नाही. तरी चालेल. लाच देणाऱ्या बॉक्सरला 'मॅचफिक्स' म्हटलं असतं पण तो ग्रीक आहे, त्याला ओस पाहिजे. 'किती_घेतोस' ठेवा.

*

चिंचेचं_बुटुक:

मंडळी तुम्ही थोर आहात, लेकीने सगळी नावं वहीत उतरवून घेतली, 'बसलास' वर ती पलंगावरून खाली पडली आणि मग स्वतःलाच 'पडलास' म्हणाली, मी सांगितलं की मुलगी आहेस तर 'पडलीस'.

एक शेवटचं सांगते, काल रविवार, दादाला मस्कतला व्हिडिओ कॉल लावला आणि ते जिभांचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. मला वाटलं हसेल. तो नुसता बघत बसला. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाला, "म्हणजे गोळ्याचं आईला तू नव्हतं सांगितलंस?"

तीस वर्षं!! तीस वर्षं या माणसाला वाटत होतं की मी चुगली केली. म्हटलं अरे तुझी जीभ काळी-जांभळी ठार होती, आई काय आंधळी होती का, तर म्हणतो, "मला माझी जीभ कुठे दिसते?"

*

मोडका_कंस:

दादांचं रोमन नाव ठरलं. 'रुसलास'.